मार्लिन ३३६ वर पुढे बसवलेला स्कोप

मार्लिन ३३६ ही लिव्हर ओढून गोळी भरायची शिकारी रायफल. टेक्सासच्या झुडपांत रानडुक्कर दिसतं ते क्षणभर. अशा वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता यावा, म्हणून स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, डोळ्यापासून लांब, पुढे बॅरलकडे हवा. अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपरच्या स्काउट रायफलची कल्पना हीच. नेहमीचा स्कोप इथे चालत नाही. नऊ-दहा इंचांवरून पूर्ण चित्र दिसणारा, कमी पॉवरचा स्काउट स्कोपच घ्या.

आधी रायफल रिकामी करा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून बघा. बॅरलवरची मागची साइट (नेम धरायची खूण) पितळी पंचने डावीकडून उजवीकडे ठोकून काढा. हट्टी असते, घाई नको. रिसीव्हरवरची (बोल्ट बसतो त्या मधल्या भागावरची) स्क्रूची भोकं ॲसिटोनने पुसा. तेलकट आट्यांवर निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद, धरत नाही. रेलचे, म्हणजे स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीचे, स्क्रू आवळले की रायफलचा लिव्हर सावकाश चालवा. बोल्ट कुठे घासला, तर स्क्रू लांब झालाय, तो बदला.

स्कोप धरणाऱ्या रिंगा झटकन निघणाऱ्याच घ्या, इथे पैसे वाचवू नका. स्कोपवर पाणी साचलं की रिंगांचे लिव्हर उघडून तो काढायचा आणि मागच्या घोस्ट रिंगमधून (मोठ्या गोल भोकाच्या साइटमधून) माशी, म्हणजे पुढची साइट, पकडायची. रिंगांचे स्क्रू पंधरा ते वीस इंच-पाउंडच, टॉर्क रेंचने.

झीरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवताना, आधी लोखंडी साइट्स (घोस्ट रिंग आणि माशी). मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकते, माशी उलट दिशेने. मग स्कोप चढवून शंभर यार्डांवर. शेवटी स्कोप काढून परत लावा आणि तीन गोळ्या झाडा. गोळ्यांचा गट सरकला तर रिंग ढिली आहे.