जिंकलेला मुलूख परत करायचा तह वाचायचा कसा: १७४८ चा एक्स-ला-शापेल घेऊन बघू

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये पहिलं कर्नाटक युद्ध, म्हणजे मद्रासच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात झालेलं, एका ओळीत संपतं. १७४८ मध्ये युरोपातलं मोठं युद्ध (ऑस्ट्रियाच्या वारसाचं) थांबवणारा एक्स-ला-शापेलचा तह झाला, मद्रास इंग्रजांना परत मिळालं, बस. मार्कांपुरतं ठीक आहे. पण हा तह नेटवर फुकट वाचायला मिळतो, कलमं सगळी मिळून २४, आणि तरी उत्साहाने उघडणारे बरेच जण दुसऱ्या पानावरच बंद करतात, कारण सुरुवातीला देवाचं नाव, मग राजेरजवाड्यांच्या पदव्या, मग जुन्या तहांची भलीमोठी यादी, आणि आपलं मद्रास काही केल्या येतच नाही. असला तह मुळात वरून खाली वाचायचाच नसतो.

आधी तह बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. लढाई थांबली तेव्हा कोणाचं काय कोणाच्या ताब्यात होतं ते लिहून काढा. फ्रेंचांच्या हातात मद्रास, जे त्यांच्या आरमाराच्या ला बुर्दोनेने सप्टेंबर १७४६ मध्ये घेतलं. शिवाय आजच्या बेल्जियमचा बराचसा भाग, तो फ्रेंच सेनापती मार्शल साक्सने १७४५ पासून एकेक किल्ला करत घेतला आणि शेवटी १७४८ च्या मे महिन्यात डचांचं मास्त्रिख्तही पाडलं. इंग्रजांच्या हातात काय? आजच्या कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचा लुईसबर्गचा किल्ला, जून १७४५ मध्ये घेतलेला, आणि तोही लंडनच्या पलटणींनी नाही तर मुख्यतः न्यू इंग्लंडच्या वसाहतवाल्यांनी, विल्यम पेपरेलच्या हाताखाली, आरमाराची मदत घेऊन.

एवढं कागदावर आलं की 'मद्रास दिलं आणि लुईसबर्ग घेतलं' हे सगळीकडे लिहिलेलं वाक्य अर्धवट आहे हे आपोआप दिसतं. फ्रेंचांना बेल्जियममधून मागे हटवायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजांकडे द्यायला लुईसबर्ग सोडून दुसरं काही नव्हतंच. मद्रास त्या मोठ्या सौद्यात आलं.

आता तह उघडा आणि सरळ 'परत करणे' हा शब्द शोधा. पाचव्या कलमात तत्त्व आहे, म्हणजे युद्ध सुरू झाल्यापासून जे जे जिंकलं ते सगळं ज्याचं त्याला. हे वाचून खूश होऊ नका, तत्त्व लिहायला कोणाचं काय जातं. खरा माल नवव्या कलमात आहे आणि ते कलम मात्र दोनदा, हळू वाचा.

त्यात पहिली गोष्ट सापडते ती ओलीस. अमेरिकेतलं ठाणं युरोपातल्या मुदतीत परत करणं शक्य नाही, अंतरच तेवढं, म्हणून इंग्लंडच्या राजाने दोन मोठ्या घरच्या माणसांना फ्रान्समध्ये ओलीस पाठवायचं, आणि केप ब्रेटन परत मिळाल्याची पक्की खबर येईपर्यंत त्यांनी तिथेच राहायचं. गेले कोण, तर अर्ल ऑफ ससेक्स आणि लॉर्ड कॅथकार्ट. लंडनमध्ये लोकांना ही मानहानी वाटली. ओलीस कोण देतोय ते नेहमी बघायचं, कारण समोरच्याचा भरवसा कोणावर नाही हे तिथे उघड होतं, बाकी तह मैत्रीच्या गोष्टींनी कितीही भरलेला असो. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जानेवारी १७७९ चं वडगाव घ्या, तिथे साष्टी वगैरे परत करायच्या बोलीवर इंग्रजांनी फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट असे दोन ओलीस मराठ्यांकडे ठेवले होते. (हा स्टुअर्ट म्हणजे आपला इष्टूर फाकडा नव्हे, तो त्याच मोहिमेत काही दिवस आधी कार्ल्याजवळ मारला गेला होता.)

दुसरी गोष्ट तारखा, आणि माझ्या मते संपूर्ण तहात याच सगळ्यात मोलाच्या आहेत. लुईसबर्ग परत करताना शरण आलं त्या दिवशी तिथे होता तो सगळा तोफखाना आणि दारूगोळ्यासकट द्यायचं, असं स्पष्ट लिहिलंय. बाकी ठिकाणांसाठी वेगळा नियम: वेस्ट इंडीजमधली ठिकाणं ११ जूनला ज्या अवस्थेत असतील तशी आणि ईस्ट इंडीजमधली ३१ ऑक्टोबरला असतील तशी. आता या तारखा आल्या कुठून? प्राथमिक करार ३० एप्रिल १७४८ चा, त्याच्यापुढे सहा आठवडे मोजले की ११ जून येतो आणि सहा महिने मोजले की ऑक्टोबरअखेर. म्हणजे बातमी जहाजातून पोचायला लागणारा वेळच त्यांनी कलमात घालून टाकला. मधल्या काळात कोणी काही पाडलं, बांधलं तर त्याचा हिशोब याच तारखेवर, म्हणून मद्रास १७४६ मध्ये जसं होतं तसं मिळायची सोय नव्हतीच, जसं असेल तसं घ्यायचं.

तारखांमध्ये अजून एक भानगड आहे. इंग्लंड १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरायचं, ११ दिवस मागे, त्यामुळे मद्रास पडल्याची तारीख एका पुस्तकात १० सप्टेंबर आणि दुसऱ्यात २१ सप्टेंबर दिसते. दोन्ही बरोबर. तहातल्या त्या दोन तारखांना मुद्दाम 'नव्या पद्धतीने' असं जोडलंय ते यासाठीच.

मग जे लिहिलेलं नाही ते शोधा. इंग्लंड आणि स्पेनचं भांडण १७३९ मध्ये समुद्रात जहाजांची झडती घेण्यावरून पेटलं होतं, त्यावर तह गप्प. अमेरिकेत अकॅडियाची (आजच्या कॅनडाच्या पूर्वेकडचा, इंग्रज-फ्रेंचांच्या वादातला प्रदेश) हद्द कुठवर, गप्प, ते पुढे कमिशनवर ढकललं. आणि कर्नाटकात नवाब कोण, इंग्रज-फ्रेंच व्यापारी कंपन्यांनी दुसऱ्याच्या भांडणात फौज भाड्याने द्यायची की नाही, याचा पत्ताच नाही. इथे आपला धागा येतो: त्रिचनापल्ली घेऊन रघूजी भोसल्यांनी १७४१ मध्ये पकडलेला, नवाबीचा दावेदार चंदासाहेब मराठ्यांच्या कैदेत साताऱ्याला होता, तो १७४८ च्या सुमारास सुटला, फ्रेंचांना मिळाला, आणि ऑगस्ट १७४९ मध्ये अंबूरच्या लढाईत नवाब अन्वरुद्दीन मारला गेला. त्याच ऑगस्टमध्ये इंग्रजांचा अॅडमिरल बॉस्कावेन मद्रासचा ताबा घेत होता. म्हणजे युरोपातली शांतता इथे उतरत असतानाच पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर दुप्ले याचा पुढचा डाव सुरू झालेला.

प्रत्यक्ष ताबा कधी मिळाला हेही वेगळं तपासा, सही झाली म्हणजे झालं असं नाही. सही १८ ऑक्टोबर १७४८, लुईसबर्ग फ्रेंचांना मिळालं जुलै १७४९ मध्ये आणि मद्रास त्याच्याही पुढच्या महिन्यात. बरं, मद्रास मिळाल्यावरही कंपनीचं मुख्य ठाणं लगेच तिथे आलं नाही, १७५२ पर्यंत कारभार कडलूरच्या फोर्ट सेंट डेव्हिडवरूनच चालला.

लोक काय म्हणत होते ते शेवटी बघा, आधी नको, नाहीतर मत आधीच बनतं. न्यू इंग्लंडवाले चिडले, आपली माणसं मेली आणि किल्ला असाच देऊन टाकला म्हणून, पुढे लंडनने मॅसॅच्युसेट्सला मोहिमेचा खर्च भरून दिला तरी. पॅरिसमध्ये तर 'या तहासारखा मूर्ख' असं म्हणायची पद्धत पडली, कारण एवढं बेल्जियम जिंकून राजाने ते परत केलं. दोन्ही बाजू नाराज, यावरून तह वाईट असं ठरवायची घाई मात्र नको.

हात बसायला १० फेब्रुवारी १७६३ चा पॅरिसचा तह घ्या आणि फक्त अकरावं कलम वाचा. फ्रेंचांना पाँडिचेरी, चंद्रनगर वगैरे वखारी परत मिळाल्या असं आपण शिकतो, पण कलमात आहे की १७४९ च्या सुरुवातीला जे त्यांचं होतं तेच परत, त्यानंतर मिळवलेल्यावर हक्क सोडायचा, आणि बंगालमध्ये किल्ले किंवा फौज ठेवायची नाही. दुप्लेने मोठा मुलूख मिळवला तो १७४९ नंतरच. एका वर्षाचा आकडा घालून तो सगळा कागदावरून पुसून टाकला.