पानातला हिरवा रंग खडूवर चढवून बघा

देवगडला मी मुलांना विज्ञान शिकवते. पानं हिरवी का, असं विचारलं की वर्गातून एकसुरात उत्तर येतं, 'हरितद्रव्यामुळे!' मग मी त्यांना ते हरितद्रव्य पानातून काढायलाच लावते. तुम्हीही घरी काढा.

पान निवडताना घाई नको. आंब्या-फणसाचं जून पान चिवट, लवकर रंग सोडत नाही. पावसाळ्यात टाकळा घ्यावा, एरवी शेवग्याचा पाला. अळू नको, चुरताना हात खाजतात. मूठभर पाला सावलीत सुकवा, कारण पाण्याचा अंश राहिला तर रंग नीट सुटत नाही. खलबत्त्यात कुटून काचेच्या वाटीत काढा, पाला बुडेल इतकंच सर्जिकल स्पिरिट घाला आणि झाकून तासभर अंधारात ठेवा. स्पिरिट चटकन पेट घेतं. गॅस, चूल, देवापुढची समई यांपासून ते लांबच ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि मुलांजवळ मोठं माणूस हवंच.

फडक्यातून गाळलेला अर्क थोडासा बशीत ओता, त्यात फळ्यावरचा पांढरा खडू उभा करा. आता धक्का लावू नका. ओल खडूत वर सरकते, मागोमाग रंग. थोड्या वेळाने हिरव्या पट्ट्याच्या वर पिवळी कड दिसेल. हे पिवळं द्रव्य हिरव्या पानात आधीपासूनच असतं, हिरव्याखाली झाकलेलं. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत खडूची पूड भरून पानांतली द्रव्यं अशीच वेगळी केली आणि १९०६ साली ती पद्धत प्रसिद्ध केली.

उरलेल्या अर्कावर अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा. हिरवा अर्क लालभडक उजळतो! मला हा क्षण सगळ्यात आवडतो. हरितद्रव्य उन्हातला लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा त्यामानाने कमी. तो उरलेला हिरवा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून पान हिरवं. जिवंत पान शोषलेल्या प्रकाशावर अन्न तयार करतं. अर्कात ती सोय मोडलेली असते, म्हणून त्या ऊर्जेतली थोडी लाल उजेड होऊन बाहेर पडते.

शेवटी चमचाभर अर्कात व्हिनेगरचे थेंब टाका. हळूहळू तो मेंदी-तपकिरी होईल. हरितद्रव्याच्या कणाच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, आंबटाने ते निघून जातं. चिंच घातल्यावर अळूच्या फदफद्याचा हिरवेपणा जातो तो याचमुळे. चिंच मात्र वगळू नका, नाहीतर घसा खवखवेल.

जमलं की पुढच्या वेळी पिकून गळलेलं फणसाचं पिवळं पान घ्या, बारीक चुरून रात्रभर भिजवा आणि दोन्ही खडू शेजारी ठेवून बघा.