नवा एसएसडी लॅपटॉपला दिसत नाही?
सांगलीत विश्रामबागेतल्या दुकानातून एसएसडी (डेटा साठवणारा ड्राइव्ह) आणून बसवला आणि लॅपटॉप ओळखतच नाही, तर लगेच परत करायला धावू नका. आधी बायोस (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन) उघडा. तिथे नाव दिसलं तर ड्राइव्ह बहुधा ठीक आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो इनिशियलाइझ करून (म्हणजे वापरासाठी तयार करून) पार्टिशन, म्हणजे साठवणीचा भाग, पाडा. (कोरा असेल तरच, नाहीतर आतला डेटा जाईल.)

बायोसमध्येही नसेल, तर गोम बहुतेकदा प्रकारात असते. एम डॉट टू (M.2) म्हणजे पट्टीसारखे एसएसडी; या पट्ट्या दिसायला सारख्याच, पण काही साटा (SATA), काही एनव्हीएमई (NVMe), म्हणजे लॅपटॉपशी जोडणीच्या दोन वेगळ्या पद्धतींच्या. स्लॉट फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई कितीदाही काढून बसवा, दिसणार नाही. पट्टीच्या जोडणीच्या टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटाची, एक असेल तर एनव्हीएमईची; तरी खाचेवर विसंबू नका, लॅपटॉपचं मॉडेल शोधून स्लॉट काय चालवतो ते बघा. दुकानदार ‘सगळ्याला चालतो’ म्हणतोच.