लांब पल्ल्याच्या छोट्या टॉर्चची तुलना कशी करावी

खोक्यावरचे ल्युमेन (टॉर्चचा एकूण प्रकाश) पाहून टॉर्च किती लांब मारते हे कळत नाही. ते ठरतं कँडेलावर, म्हणजे झोत एका दिशेने किती तीव्र आहे त्यावर. म्हणून मोजायचं तेच.

सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा. अंधारात टॉर्चच्या काचेपासून बरोबर ५ मीटरवर लक्समीटर (अंगावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजणारं यंत्र) ठेवा. टॉर्च लावून ३० सेकंद थांबा, मग झोताचा मधला ठिपका सेन्सरवर हळूहळू फिरवून सर्वांत मोठा आकडा टिपा. लक्सला २५ ने गुणलं की कँडेला. त्याच्या वर्गमुळाची दुप्पट म्हणजे मीटरमधला पल्ला. १,६०० लक्स आले तर ४०,००० कँडेला, म्हणजे ४०० मीटर.

१ मीटरवरून मोजू नका. तिथे झोत पुरता जुळलेला नसतो, आकडा फसवतो. छोट्या टॉर्च लवकर तापतात आणि प्रकाश आपोआप उतरवतात, तेव्हा १० मिनिटांनी पुन्हा मोजाच. खरी तुलना तिथे होते.

आणि पल्ल्याच्या टोकाला फक्त ०.२५ लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. समोरचं नीट ओळखायचं तर निम्मं अंतर धरा. पल्ला दुप्पट व्हायला कँडेला चौपट लागतो, त्यामुळे ४०० आणि ४३० मीटरमधला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो.