फरारबाईंचं माहेर कसं शोधायचं

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आली की अहमदनगरच्या मिस सिंथिया फरार यांचं नाव निघतं. सावित्रीबाईंना शिक्षिकेचे धडे देणाऱ्या या बाई कुणाच्या कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. मी खानापूरची, शाळेतून निवृत्त झालेली. मला हे मनापासून खटकतं. म्हणून त्या काळच्या अमेरिकन बाईचं घराणं मोबाईलवर घरबसल्या कसं शोधायचं, ते सांगते.

आमच्याकडे सुगी झाली की हेळवी दारात येतो, चोपडी उघडतो आणि पणजोबांच्याही वरची नावं घडाघडा वाचतो. तिकडे ते काम जनगणनेच्या कागदांवर भागवावं लागतं. १७९० पासून दर दहा वर्षांनी ती झाली, पण १८५० पूर्वी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी घर म्हणजे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं. गुलामीतून सुटलेल्या बायकांना त्यासाठी १८७० उजाडावं लागलं. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडील कुठे जन्मले तेही मिळतं. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

आधी कोऱ्या कागदावर लिहा, बाई कोणत्या साली कुठे होती. फरारबाई १७९५ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोत जन्मल्या, १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८६२ मध्ये नगरला वारल्या. म्हणजे नावं लिहायला सुरुवात झाली तेव्हा त्या तिथे नव्हत्याच! अशा वेळी गावाचं जन्म-विवाह-मृत्यूचं दप्तर आणि चर्चची नोंदवही बघायची. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे न्यू हॅम्पशायर ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेतल्या, बऱ्याच गावांनी आपले इतिहास छापलेत, त्यात घराण्यांच्या वंशावळी असतात. बाईंना पाठवणाऱ्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. बोर्डाचं ‘मिशनरी हेरल्ड’ मासिक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. शोधताना गावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगं घाला, आपलं बेळगावही तिथे आजच्या नावानं सापडणार नाही.

फरारबाई अविवाहित, म्हणून आडनाव तरी टिकलं. लग्न झालेल्या बाईचं काम खरं अवघड. आपल्याकडे ताटातल्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहितात, तिकडे नाव राहतं आणि आडनाव जातं. माहेर हवं असेल तर तिच्या मुलांकडून मागे या. मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा आईचं माहेरचं आडनाव असतं. मुलाचं मधलं नावही पुष्कळदा आजोळचंच आडनाव. मग त्या आजोबांचं मृत्युपत्र काढा; त्यात लेकी सासरच्या आडनावासह भेटतात. वर्तमानपत्रात मात्र ती ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव अशीच सापडेल. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह मोफत आहे.

नवरा १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात असेल, तर विधवेच्या पेन्शनची फाईल जरूर मागवा. ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून त्यात शेजारणींचे शपथेवरचे जबाब असतात, कधी घरच्या बायबलमधून फाडलेलं जन्मनोंदीचं पानही. नवऱ्याच्या नावाआड गेलेली बाई इथे स्वतः बोलते.

आणि १९०० च्या जनगणनेतले दोन रकाने चुकवू नका: किती मुलं झाली, किती हयात आहेत. शेजारी शेजारी ८ आणि ३ दिसले, तर मधल्या पाच लेकरांची नावं शोधायला चर्चची दफनवही उघडा.

फॅमिलीसर्च या फुकट संकेतस्थळावर इतरांनी रचलेल्या वंशावळी आयत्या मिळतात. मूळ कागदाचं चित्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यातलं एकही नाव उतरवून घेऊ नका.

बेळगावात काम केलेल्या अमेरिकन बाई शोधत असाल, तर लक्षात ठेवा: इथलं मिशन १८२० पासून लंडन मिशनरी सोसायटीचं होतं, १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेलं. त्यांची कागदपत्रं न्यू जर्सीतल्या ड्रू विद्यापीठात आहेत. चौकशी तिथे करा, हार्वर्डला नको.