फ्युएल सेलचा इलेक्ट्रोड कसा बनवावा

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला अभिक्रिया घडवायला प्लॅटिनम लागतं, पण ते नुसतं ओतून भागत नाही. प्लॅटिनमच्या प्रत्येक कणापर्यंत वायू पोचला पाहिजे, शिवाय प्रोटॉनला वाट हवी आणि इलेक्ट्रॉनलाही. यातली एक वाट तुटली की तो कण फुकट गेला. प्रयोगशाळेतला ५ × ५ सेंटिमीटरचा कॅथोड, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड, धरून चालू.

आधी हिशोब. दर चौरस सेंटिमीटरला ०.४ मिलिग्रॅमप्रमाणे १० मिलिग्रॅम प्लॅटिनम. कार्बनवर ४० टक्के प्लॅटिनम असलेली भुकटी घेतली, तर ती २५ मिलिग्रॅम लागेल. त्यात कार्बन १५. प्रोटॉन वाहून नेणारं नॅफिऑन कार्बनच्या ०.८ पट, म्हणजे १२ मिलिग्रॅम. ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर २४०. खरी मेख इथेच आहे. नॅफिऑन कमी पडलं तर प्रोटॉन अडतात, जास्त झालं तर छिद्रं बुजून ऑक्सिजन बाहेरच राहतो. फवारताना बरंच वाया जातं, म्हणून सगळं दीडपट घ्या.

आता या सगळ्याची फवारायची शाई. भुकटी आधी पाण्याने पूर्ण भिजवा, मगच आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. क्रम उलटा केलात तर कोरडी भुकटी अल्कोहोल लागताच पेट घेऊ शकते, ठिणगीचीही गरज नाही. शेवटी नॅफिऑन घालून अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा. बाथच्या पाण्यात बर्फ टाका, नाहीतर शाई तापते.

कार्बन पेपर, म्हणजे कार्बनच्या तंतूंचा सच्छिद्र कागद, साधारण ८० अंशांच्या हॉट प्लेटवर, बारीक छिद्रांचा थर वर येईल असा ठेवा. एअरब्रशने एक हात आडवा, एक उभा. आधीचा हात सुकल्याशिवाय पुढचा मारू नका. नाहीतर शाई आत झिरपते. काळ्यावर काळं चढतंय, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, पेपर तोलत राहा. कोरडं वजन ३७ मिलिग्रॅमने वाढलं की थांबा.

ॲनोडला, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूला, दर चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलिग्रॅम प्लॅटिनमही पुरतं. हायड्रोजनची अभिक्रिया मुळातच झटपट होते. रखडतो तो ऑक्सिजन.

दोन्ही इलेक्ट्रोडच्या शाई फवारलेल्या बाजू मधल्या मेम्ब्रेनकडे (प्रोटॉन जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याकडे) करून सुमारे १३० अंशांवर काही मिनिटं दाबा. दाब अती झाला तर कार्बनचे तंतू मेम्ब्रेनमध्ये घुसतात. सेल जोडल्यावर, भार न लावता व्होल्टेज बघा. पुस्तकातले १.२३ व्होल्ट मिळणार नाहीत, ०.९५ च्या आसपास असेल तर उत्तम. ०.८ च्याही खाली घसरलं, तर आधी गॅस्केट तपासा, मग मेम्ब्रेनला भोक पडलंय का ते.