नायोबियम नायट्राइडचा थर देताना टार्गेटचे व्होल्टेज पाहा

एकेक फोटॉन टिपणाऱ्या डिटेक्टरसाठी नायोबियम नायट्राइडचा ५ ते ७ नॅनोमीटरचा थर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून ते पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने) देताना मागच्या वेळचा नायट्रोजनचा प्रवाह जसाच्या तसा लावू नये, कारण वापरागणिक टार्गेटवरचा (ज्या नायोबियमच्या चकतीवर हा मारा होतो तिच्यावरचा) वर्तुळाकार चर खोल होत जातो आणि त्याच प्रवाहाला निराळा थर मिळू लागतो. टार्गेटपुढचे झाकण, म्हणजे शटर, बंद ठेवून आधी निव्वळ अरगॉनमध्ये टार्गेट स्वच्छ करावे. मग करंट स्थिर ठेवून नायट्रोजन थोडाथोडा वाढवत आणि पुन्हा कमी करत प्रत्येक पायरीला टार्गेटचे व्होल्टेज वहीत टिपावे. चढतीचा आणि उतरतीचा आलेख बहुधा एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून निवडलेल्या बिंदूवर दर वेळी एकाच बाजूने यावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही.

निर्वाताबाबतही घाई नको: शुद्ध नायोबियममध्ये १ अणुटक्का ऑक्सिजन शिरला, तरी त्याचे ९.२ केल्विन हे संक्रमण तापमान (ज्याच्या खाली तो अतिवाहक होतो) सुमारे ०.९ केल्विनने घसरते. वेफरशेजारी (ज्या चकतीवर थर द्यायचा तिच्याशेजारी) सिलिकॉनचा एक तुकडा ठेवून त्यावरच्या थराचा पृष्ठरोध (चौरस तुकड्याचा विद्युतरोध) थर बाहेर काढल्याच्या दिवशीच मोजावा, कारण इतक्या पातळ थरात हवेने झालेले ऑक्सिडीकरणही मोजमापात उमटते.